'स्टार्ट'ला शून्य मिळालं म्हणजे सर्व्हिस चालू?

लिनक्सवर सर्व्हिसेस, म्हणजे पार्श्वभूमीत चालणारे प्रोग्रॅम, सांभाळणाऱ्या सिस्टिमडीच्या 'सिस्टिमसीटीएल स्टार्ट' या कमांडचा एक्झिट कोड (कमांड यशस्वी झाली का हे सांगणारा आकडा) 0 आला की सर्व्हिस सुरू झाली, हा समज वर्षानुवर्षं एका स्क्रिप्टमधून दुसऱ्या स्क्रिप्टमध्ये उतरत आला आहे. तो चुकीचा आहे. सेटिंगमध्ये 'टाइप=सिंपल' असलेल्या सर्व्हिससाठी सिस्टिमडी नवी प्रोसेस फोर्क करतं, म्हणजे तयार करतं, आणि लगेच यश कळवतं; मूळ प्रोग्रॅमची फाइल जागेवर नसली तरीसुद्धा! म्हणूनच सिस्टिमडीच्या 240 या आवृत्तीत 'टाइप=एक्झेक' आला. त्यात प्रोग्रॅम खरोखर सुरू होईपर्यंत सिस्टिमडी थांबतं. पण तो पुढच्याच क्षणी कोसळला, तर तेही यातून कळत नाही.

मग लोक 'सिस्टिमसीटीएल स्टेटस'च्या मजकुरात ग्रेपने (मजकुरात शब्द शोधणाऱ्या कमांडने) 'ॲक्टिव्ह' शोधतात. हे तर जास्त धोक्याचं, कारण 'इनॲक्टिव्ह'मध्येही 'ॲक्टिव्ह' आहेच. बंद सर्व्हिस चालू दिसते. 'स्टेटस' माणसानं वाचण्यासाठी आहे. स्क्रिप्टने काही सेकंद थांबून 'सिस्टिमसीटीएल इज-ॲक्टिव्ह'चा एक्झिट कोड तपासावा, आणि सविस्तर स्थिती हवी तर 'सिस्टिमसीटीएल शो'मधून 'ॲक्टिव्हस्टेट' (ढोबळ स्थिती) व 'सबस्टेट' (तिचा तपशील) घ्यावेत. त्यावरून 'डेटाबेस: बंद पडला' अशी स्वच्छ ओळ छापा. रात्री दोन वाजता ती वाचणाऱ्याला नेमकं तेवढंच हवं असतं.