डिस्नेची मोनोरेल पुढे का सरकत नाही?

फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या नकाशावर मोनोरेलची नवी रेघ ओढणं फार सोपं आहे. मॅजिक किंगडम, एप्कॉट, हॉलीवूड स्टुडिओज आणि अॅनिमल किंगडम ही तिथली चार उद्यानं. एप्कॉटपर्यंत गाडी येतेच, ती पुढे हॉलीवूड स्टुडिओज आणि तिथून अॅनिमल किंगडमला न्यायची. हौशी लोकांच्या बहुतेक प्रस्तावांचा सारांश एवढाच असतो. अडचण अंतराची नाही. खरा पेच सांध्यांचा, म्हणजे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवण्याच्या जागांचा, आणि कारशेडचा आहे, आणि प्रस्तावात नेमका त्यांचाच उल्लेख नसतो.

आधी आज काय आहे ते पाहू. 1 ऑक्टोबर 1971 रोजी मॅजिक किंगडम या पहिल्या उद्यानाबरोबरच मोनोरेल सुरू झाली. सेव्हन सीज लगून या तलावाभोवती दोन वळसे आहेत. बाहेरचा जलद आणि आतला हॉटेलांवर थांबत जाणारा. 1982 मध्ये एप्कॉटचा फाटा जोडला गेला. एकूण मार्ग सुमारे 23.7 किलोमीटर. गाड्या 12, प्रत्येकीला 6 डबे, प्रवासी सुमारे 360. तिन्ही मार्ग बंद वळसे असल्यामुळे गाडी कुठेही उलटी न फिरता गोल गोल जात राहते, आणि म्हणूनच रोजच्या फेऱ्यांत सांधा बदलावाच लागत नाही. ही या रचनेची मोठी हुशारी आहे, आणि फाटे फोडायला गेलं की तीच आड येते.

गाडी रुळांवर नाही, तर सुमारे 66 सेंटिमीटर रुंद काँक्रीटच्या तुळईवर स्वार होते. वजन पेलणारे टायर तुळईच्या माथ्यावर, तोल राखणारे टायर दोन्ही बाजूंना, आणि बाजूच्या पट्टीतून 600 व्होल्टचा डीसी वीजपुरवठा. साध्या रेल्वेत सांधा बदलताना दोन निमुळत्या पात्या काही सेंटिमीटर सरकल्या की काम झालं. इथे तुळईचा अख्खा तुकडा बाजूला करून दुसरा तिथे आणावा लागतो, वीजपट्टीसकट. तो जागेवर बसून कुलूपबंद झाल्याची खात्री होईपर्यंत मागची गाडी थांबलेली.

या खात्रीची किंमत 5 जुलै 2009 च्या पहाटे कळली. गाडी एप्कॉटच्या तुळईवरून जलद मार्गाच्या तुळईवर घ्यायची होती, पण सांधा बदललाच गेला नव्हता. उलट दिशेने निघालेली गाडी एप्कॉटच्याच तुळईवर मागे गेली आणि स्थानकात उभ्या गाडीवर आदळली. तरुण चालकाचा मृत्यू झाला. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात सांधा नीट न लावणं आणि त्याची पडताळणी न होणं ही कारणं पुढे आली.

आता नव्या मार्गाचा हिशेब मांडू. एप्कॉट ते अॅनिमल किंगडम, मधल्या थांब्यासह, 10 किलोमीटर धरा. थांबे धरून सरासरी वेग ताशी 30 किलोमीटर. जायला 20 मिनिटं, यायला 20, दोन्ही टोकांना 5-5 मिनिटं, म्हणजे फेरी 50 मिनिटांची. दर 5 मिनिटांनी गाडी हवी तर 10 गाड्या लागतात, वर देखभालीसाठी 2 राखीव. म्हणजे आज सगळ्या जाळ्यात मिळून आहेत तितक्याच, 12. क्षमता मिळेल तासाला एका दिशेने 4,320 प्रवासी.

तुळया? जुन्या तुळया वॉशिंग्टन राज्यात ओतून रेल्वेने फ्लोरिडाला आणल्या होत्या. लांबी सुमारे 33 मीटरपर्यंत, वजन जवळपास 50 टन. पोटात हलका फोम असूनही इतकं! दुहेरी मार्गाला त्याच मापाच्या 600 तुळया आणि जवळपास 300 खांब लागतील. खाली वाळू, पाणथळ जमीन आणि विरघळणारा चुनखडक असल्यामुळे प्रत्येक खांबाआधी जमिनीची तपासणी आलीच. खर्चाचा अंदाज लास व्हेगासवरून येतो. तिथली सुमारे 6.3 किलोमीटरची मोनोरेल 2004 मध्ये 65 कोटी डॉलरना पडली, आणि तिचा विमानतळापर्यंतचा विस्तार कागदावरच राहिला.

गाडी मधेच अडकली तर प्रवाशांच्या सुटकेचा प्रश्न मुंबईकरांना वेगळा समजवायला नको. आपली चेंबूर ते संत गाडगे महाराज चौक मोनोरेलही याच जातीची, तुळईवर स्वार होणारी. 19 ऑगस्ट 2025 च्या पावसात 104 टनांची मर्यादा असलेल्या गाडीचं वजन सुमारे 109 टन झालं, वीजपट्टीशी संपर्क तुटला, आणि अग्निशमन दलाला उंच शिड्या लावून माणसं उतरवावी लागली. डिस्नेच्या जुन्या तुळयांलगतही चालत बाहेर पडायची वाट नाही. नव्या मार्गावर ती पहिल्या आराखड्यापासूनच धरायला हवी. त्यामुळे खांबाचा माथा रुंद होतो, आणि सडपातळ दिसणाऱ्या तुळईचं सौंदर्य थोडं कमी होतं. ते कमी झालेलं चालेल.

राहिलं कारशेड. ते मॅजिक किंगडमच्या मागे आहे, खाली उद्यानातल्या आगगाडीची वाफेची इंजिनं, वर मोनोरेल. नव्या 12 गाड्याही तिथेच न्यायच्या तर रोज रात्री त्या एप्कॉटच्या फाट्यावरून जलद मार्गावर घ्याव्या लागतील, म्हणजे 2009 च्या अपघातात न बदललेल्या त्याच सांध्यावरून, तेही मधल्या मोजक्या बंद तासांत. म्हणून आमच्या मते शहाणा प्रस्ताव एकच. नवा मार्ग पूर्ण स्वतंत्र ठेवा, त्याचं कारशेड अॅनिमल किंगडमच्या टोकाला बांधा, आणि एप्कॉटला प्रवाशांनी फक्त फलाट बदलावा.

हॉलीवूड स्टुडिओजपुरतं उत्तर 29 सप्टेंबर 2019 ला मिळालं. स्कायलायनर हा रोपवे सुरू झाला, 10 जणांची केबिन, सांधा बदलण्याची गरज नाही. विजा चमकल्या की तो थांबवावा लागतो, हा त्याचा मोठा तोटा. उरलं अॅनिमल किंगडम. वर सुचवलेल्या स्वतंत्र मार्गाने मॅजिक किंगडमहून तिथे जाणाऱ्याला दोनदा गाडी बदलावी लागेल, एकदा तलावाभोवतीचे मार्ग आणि एप्कॉटचा मार्ग जिथे भेटतात त्या मुख्य वाहतूक केंद्रावर आणि एकदा एप्कॉटला, आणि शेवटच्या टप्प्यालाच 20 मिनिटं जातील. मॅजिक किंगडमच्या दारातून सुटणारी बस मधे कुठेही न बदलता थेट तिथे सोडते.