म्युनिकचं विमान: दोष पंखांवरच्या बर्फाचा नव्हताच

६ फेब्रुवारी १९५८ला मँचेस्टर युनायटेडच्या फुटबॉल संघाचं विमान म्युनिकला कोसळलं, कारण कॅप्टन जेम्स थेन यांनी पंखांवरचा बर्फ काढून घेतला नाही, असं आजही ठोकून दिलं जातं. साफ चूक. एअरस्पीड अँबॅसडर (मोटार नव्हे, दोन इंजिनांचं विमान) तिसऱ्यांदा उड्डाणाच्या प्रयत्नात होतं. वेग ११७ नॉटवर पोचला आणि वाढायचं सोडून १०५वर घसरला. धावपट्टीवरच्या अर्धवट वितळलेल्या बर्फाच्या चिखलाने चाकं धरली होती. पंख तपासले गेले ते अपघातानंतर काही तासांनी; तोवर वरून बर्फ पडतच होता! ब्रिटिश चौकशीने थेन यांना निर्दोष ठरवलं, पण १९६९मध्ये. नोकरी केव्हाच गेली होती. आणि बीईएने (हे विमान चालवणाऱ्या ब्रिटिश कंपनीने) १९५८मध्येच अँबॅसडर बंद केली ती व्हायकाउंट या टर्बोप्रॉप (टर्बाइनवर पंखा फिरवणाऱ्या) विमानामुळे, अपघातामुळे नव्हे.