वीजदर जनसुनावणी, पुणे

वीजदर जनसुनावणी : वीज कंपनीने मागितलेल्या दरांवर निर्णय देण्यापूर्वी राज्य विद्युत नियामक आयोगाने ग्राहकांच्या सूचना व हरकती जाणून घेण्याची प्रक्रिया. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ६४ नुसार अर्जदार कंपनीने दराचा अर्ज प्रसिद्ध करावयाचा असतो आणि आयोगाने लोकांकडून आलेल्या हरकतींचा विचार करून १२० दिवसांत आदेश द्यावयाचा असतो. महावितरणच्या याचिकांवरील पुण्यातील सुनावणी बहुधा कौन्सिल हॉलमध्ये झालेली आहे.

या प्रक्रियेचा उगम कोठे मानावा याबाबत एकमत नाही. वीजपुरवठा अधिनियम, १९४८ च्या कलम १६ मध्ये राज्य सल्लागार परिषदेची तरतूद होती, म्हणून काही जण तिला मूळ मानतात; परंतु कलम ४९ नुसार दर ठरविण्याचा अधिकार वीज मंडळाकडेच होता आणि त्याच्या हिशेबावर सामान्य ग्राहकाने हरकत घ्यावी अशी सोय त्यात नव्हती. दुसरा पक्ष १९९८ चा नियामक आयोग अधिनियम व त्यानुसार ऑगस्ट १९९९ मध्ये स्थापन झालेला महाराष्ट्राचा आयोग येथून सुरुवात धरतो. (ओरिसाचा आयोग त्याआधीचा असल्याने देशातील अग्रमान महाराष्ट्राकडे जात नाही.) डिसेंबर १९९३ मधील (एन्रॉन प्रकल्पाच्या) दाभोळ वीजखरेदी करारावरून उठलेल्या वादापर्यंत मागे जाणारे तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते. त्या कराराच्या खर्चाची चिकित्सा करणाऱ्यांत १९९४ मध्ये स्थापन झालेली पुण्याची ‘प्रयास’ ही संस्था व तिचे गिरीश संत (मृत्यू २०१२) प्रमुख होते. कायद्याने दार उघडले तेव्हा याचिकेतील कोष्टके वाचू शकणारी माणसे या शहरात आधीच तयार होती.

आयोगाच्या पहिल्या काही सुनावण्यांत सर्वांत मोठा वाद गळतीवरून, म्हणजे वहन-वितरणात व चोरीत जाणाऱ्या विजेवरून झाला. बहुतांश कृषिपंपांना मीटर नव्हते. त्यांची आकारणी अश्वशक्तीवर होई आणि त्यांचा वापर पंपांची संख्या, अश्वशक्ती व चालण्याचे तास यांच्या गुणाकारातून अंदाजे काढला जाई. एकूण विजेतून मीटरवर मोजलेली विक्री आणि हा अंदाज वजा केला की जी उरते ती गळती. साहजिकच पंपांचे तास जितके जास्त धरावेत तितकी गळती कमी दिसते, आणि चोरीची वीज शेतकऱ्याच्या नावावर पडते. ग्राहक प्रतिनिधींनी हे तास कशावरून धरले असे विचारत पुरावा मागितला. वर्षानुवर्षे १५ ते १७ टक्क्यांच्या आसपास दाखविली जाणारी गळती प्रत्यक्षात ३० टक्क्यांहून अधिक असल्याचे या छाननीतून पुढे आले. लोकसहभागाने दरप्रक्रियेत काय साधते, याचे याहून ठळक उदाहरण राज्यात क्वचितच सापडेल.

याचिकेचा गोषवारा मराठीतही उपलब्ध होतो, मात्र मूळ याचिका शेकडो पृष्ठांची व इंग्रजीत असते. त्यामुळे घरगुती ग्राहक बहुधा हातातले बिल दाखवून स्थिर आकार, वहन आकार व इंधन समायोजन आकार यांवरच बोलतो, तर वार्षिक महसुली गरजेवरील (कंपनीला वर्षभराचा खर्च भागविण्यास लागणाऱ्या रकमेवरील) युक्तिवाद उद्योजकांच्या संघटना व अभ्यासकांकडे राहतो. ही दरी भरून काढण्यासाठी कलम ९४ (३) ने आयोगाला ग्राहकहिताचे प्रतिनिधी नेमण्याचा अधिकार दिला आहे. मुंबई ग्राहक पंचायत व प्रयास या संस्थांना असे प्राधिकृत करण्यात आले होते.

पुण्याचा विशेष प्रयोग २००६ मधील. उद्योगांनी स्वतःची जनित्रे चालवून वाचविलेली वीज शहराला द्यावी, भारनियमन टळावे आणि वाढीव खर्च अधिक वापर असलेल्या ग्राहकांनी वेगळ्या आकाराद्वारे सोसावा, अशी ही योजना आयोगाच्या मंजुरीने राबविली गेली. अल्प वापर असलेल्यांवर हा बोजा न टाकणे, हा तिचा न्याय्य भाग होय.

वैयक्तिक तक्रारींसाठी कलम ४२ नुसार ग्राहक तक्रार निवारण मंच (पुण्यात रास्ता पेठेत) आणि त्यावर विद्युत लोकपाल अशी व्यवस्था आहे.

अलीकडे पुनर्विलोकनाचा, म्हणजे आयोगाने स्वतःच्याच आदेशाचा फेरविचार करण्याचा प्रश्न पुढे आला आहे. सुनावण्यांनंतर २८ मार्च २०२५ रोजी दिलेल्या बहुवर्षीय (अनेक वर्षांचे दर एकदम ठरविणाऱ्या) दर आदेशाला महावितरणच्या अर्जावरून २ एप्रिलला स्थगिती मिळाली आणि २५ जूनच्या आदेशाने त्यातील दर बदलले. या दुसऱ्या टप्प्यात जनसुनावणी न झाल्याचा आक्षेप ग्राहक संघटनांनी घेतला असून तो रास्त आहे. कारण दर जर खरोखर दुसऱ्या आदेशाने ठरत असतील, तर कलम ६४ मधील हरकतीचा हक्कही तेथवर पोचला पाहिजे.