ट्रकचा एअर फिल्टर: मळला म्हणजे संपला का?

एक लिटर डिझेल पूर्ण जळायला साधारण १२ किलो हवा लागते. घनफळात मोजली तर ही हवा १०,००० लिटरच्या आसपास भरते. हा झाला किमान हिशोब. डिझेल इंजिन नेहमी गरजेपेक्षा जास्त हवा घेऊनच चालतं, त्यामुळे खरा आकडा याहून बराच मोठा असतो. लिटरला चार किलोमीटर चालणारा ट्रक शंभर किलोमीटर गेला, की त्याने निदान अडीच लाख लिटर हवा ओढलेली असते. आणि ती सगळी एका घड्या घातलेल्या कागदातून.

या कागदाची खरी झुंज असते ती डोळ्यांना न दिसणाऱ्या धुळीशी. पिस्टनच्या रिंगा आणि लायनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) यांच्यामधला ऑइलचा थर जेमतेम काही मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजारांश भागांचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झचे, म्हणजे वाळूच्याच जातीचे, बारीक कण भरपूर असतात. मोहसच्या काठिण्य मापनात क्वार्ट्झचा आकडा ७ आहे, साध्या पोलादापेक्षा वरचा. ऑइलच्या थराच्या जाडीइतका किंवा त्याहून थोडा मोठा कण आत शिरला की तो रिंग आणि लायनर दोघांनाही घासत राहतो. मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याचा जोर, उतरतं, गाडी ऑइल खायला लागते आणि एक दिवस इंजिन उतरवायची वेळ येते.

आपल्या डोक्यात फिल्टरचं चित्र चाळणीचं असतं: भोकापेक्षा मोठं ते वर राहतं, लहान ते खाली पडतं. फिल्टरच्या कागदाचं काम मात्र इतकं सरळ नाही. त्याच्या तंतूंमधल्या फटी अडवलेल्या कित्येक कणांपेक्षा मोठ्या असतात. हवा तंतूला वळसा घालून पुढे जाते, पण जड कणाला तेवढ्या चपळाईने वळता येत नाही. तो तंतूवर आदळून तिथेच चिकटतो. अतिसूक्ष्म कण तर हवेच्या रेणूंचे धक्के खात इतके भरकटतात की कधी ना कधी तंतूला लागतातच. आणि एकदा कागदावर धुळीचा पातळ थर बसला, की तो थरच पुढची धूळ गाळू लागतो.

म्हणजे थोडा वापरलेला फिल्टर कोऱ्या फिल्टरपेक्षा चांगला गाळतो. हे ऐकायला उफराटं वाटतं, पण साधं गणित करून पाहा. कार्यक्षमता ९९ टक्क्यांवरून ९९.९ टक्क्यांवर गेली, तर आकड्यातला फरक एका टक्क्याहूनही कमी. पण पलीकडे निसटणारी धूळ दहापट घटलेली असते. ‘खर्च गेला तरी चालेल, इंजिन जपू’ म्हणून लवकर लवकर फिल्टर बदलणारा माणूस खरं तर इंजिनाला जास्त धूळ चारत असतो. शिवाय दर वेळी फिल्टरचा डबा उघडला की काठावरची धूळ आतल्या स्वच्छ बाजूला सांडण्याचा धोका आहेच.

मग बदलायचा केव्हा? रंग बघून कळत नाही. किलोमीटरही अर्धंच सांगतात, कारण डांबरी महामार्गावरचे किलोमीटर वेगळे आणि खाणीतल्या कच्च्या रस्त्यावरचे वेगळे. फिल्टर किती चोंदला याचं खरं माप म्हणजे हवा ओढताना इंजिनाला लागणारा जोर. तो पाण्याच्या इंचांत मोजतात: यू आकाराच्या नळीत पाणी भरून एक टोक फिल्टरच्या पुढच्या पाइपाला जोडलं, तर दोन बाजूंच्या पातळीत किती इंचांचा फरक पडतो, ते. बहुतेक मोठ्या डिझेल इंजिनांची मर्यादा २० ते २५ इंचांच्या दरम्यान असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात मिळतो. २५ इंच म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सहा टक्क्यांच्या आसपास. समुद्रसपाटीवर उभी असलेली गाडी जणू पाचशे मीटर उंचीवरची विरळ हवा घेते आहे.

फिल्टरच्या डब्यावर किंवा पाइपावर जो छोटा पारदर्शक इंडिकेटर बसवलेला असतो, तो हेच मोजतो. ओढ वाढली की आतला पडदा स्प्रिंगला दाबतो, रंगीत पट्टी पुढे सरकते आणि तिथेच अडकून राहते. ही अडकण्याची सोय मुद्दाम केलेली आहे. माप खरं मिळतं ते पूर्ण लोडवर, चढावर, इंजिन भरपूर हवा मागत असताना. गाडी बाजूला लावून बोनेट किंवा केबिन उचलेपर्यंत ती ओढ गेलेली असते. आयडलवर, म्हणजे गाडी उभी असताना नुसत्या चालू इंजिनावर, घेतलेल्या रीडिंगला म्हणूनच काही अर्थ नाही. आणखी एक गोष्ट: हा ओढीचा आकडा सरळ रेषेत चढत नाही. आयुष्याचा बराचसा काळ तो रेंगाळतो आणि शेवटी झपाट्याने वर जातो. पट्टी लाल रंगाजवळ आली, की नवा फिल्टर गाडीत असलेला बरा. मुसळधार पावसात मात्र कागद भिजून फुगतो आणि पट्टी अवेळी लाल होऊ शकते. फिल्टर वाळल्यावर इंडिकेटर रिसेट करून पुन्हा बघावं.

काळा धूर, पिकअप कमी होणं, चढावर गाडी न ओढणं ही लक्षणं खरी आहेत, पण उशिराची. धुराचंच घ्या: एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असलेल्या नव्या गाड्यांत तो बाहेर दिसतच नाही.

कॉम्प्रेसरची हवा मारून फिल्टर ‘नवा’ करण्याची सवय मला अजिबात पटत नाही. काही कंपन्या ठरावीक कमी दाबाने, आतून बाहेर हवा मारू देतात. बऱ्याच साफ मनाई करतात. जोराच्या झोताने कागद कुठेतरी विरतो, आणि बाहेरून काही दिसत नाही. अंधारात फिल्टरच्या आत बॅटरी धरून फिरवा: घडीत कुठे प्रकाशाचा ठिपका चमकला, तर तो फिल्टर तिथेच संपला, मग इंडिकेटर काहीही म्हणो. मुख्य फिल्टरच्या आत राखीव म्हणून बसवलेला छोटा सेफ्टी फिल्टर तर कधीच झटकायचा नसतो. तो ठरलेल्या वेळी नवाच घालायचा.

लाल पट्टीची काळजी सगळेच करतात. धुळीच्या रस्त्यावर महिनोन् महिने हिरवीच राहणारी पट्टी जास्त संशयास्पद. फाटलेला कागद, नीट न बसलेलं रबर किंवा टर्बोच्या (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या) आधीचा सैल क्लॅम्प हवेला आयती वाट देतो, ओढ वाढतच नाही आणि धूळ सरळ आत जाते. अशा वेळी फिल्टर काढून पुढच्या पाइपात, म्हणजे स्वच्छ बाजूला, पांढरं फडकं फिरवावं. त्यावर मातकट रेघ उमटली तर गळती शोधायची. ऑइल बदलताना त्याचा नमुना तपासायला देता येत असेल तर उत्तमच: धुळीतलं सिलिकॉन आणि घासलेल्या भागांतलं लोह दोन्ही जोडीने वाढलेले दिसले, तर बहुधा धूळ आत पोचली आहे. फडकं स्वच्छ निघालं तर इंडिकेटर काढून त्याच्या तोंडाशी हलकी ओढ देऊन बघायची. पट्टी हलली नाही, तर बदलायचा आहे तो इंडिकेटर.