विश्रांतीच्या पलंगापासून धावणाऱ्यांच्या गटापर्यंत

नैराश्याचा रुग्ण समोर बसला की आजचे डॉक्टर गोळ्यांच्या चिठ्ठीसोबत 'रोज थोडं चाला, जमलं तर धावा' असंही सांगतात आणि त्यात कुणाला नवल वाटत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एखाद्या नामांकित मज्जातज्ज्ञाकडे हीच तक्रार घेऊन एखादी बाई गेली असती, तर तिला सहा ते आठ आठवडे अंथरुणातून उठायला मनाई झाली असती. भेटायला कुणी यायचं नाही, वाचायचं-लिहायचं नाही, भरपूर दूध प्यायचं, आणि स्नायू अगदीच गळून जाऊ नयेत म्हणून मालीश व विजेचे हलके झटके घ्यायचे. फिलाडेल्फियाचे डॉ. सायलस वीअर मिचेल यांनी १८७०च्या दशकात रूढ केलेली ही 'विश्रांती चिकित्सा' पुढे युरोपातही पसरली. शरीर हलवल्यानं मन सावरतं हा विचार सरळ रेषेत पुढे आला असं कुणी म्हणत असेल, तर त्यानं मिचेल यांच्यापाशी थोडं थांबावं.

कारण विचार तर त्यांच्या फार आधीपासून होता. सुश्रुतानं व्यायामाचे गुण सांगताना तो अर्ध्या शक्तीनंच करावा अशी मर्यादाही घालून दिली. रोममध्ये गॅलेननं लहान चेंडूच्या खेळाची शिफारस केली. १६२१ साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट बर्टन यांनी उदासीवर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात आळस हे या आजाराचं एक मोठं कारण आणि व्यायाम हा उपाय म्हणून येतो. पुढे लंडनचे वैद्य टॉमस सिडनहॅम घोड्यावरून रपेट करायला सांगू लागले. फ्रान्सिस फुलर या गृहस्थांनी तर आपल्या जुनाट मनोदौर्बल्यावर घोडेस्वारीचा उतारा पडला म्हणून १७०५ मध्ये व्यायामावर पुस्तकच काढलं. या सगळ्यांचं स्पष्टीकरण शरीरातल्या रसांचं होतं: रस साचले, घट्ट झाले, हालचालीनं ते वाहते झाले. स्पष्टीकरण कालबाह्य झालं, सल्ला टिकला. असं पुढेही अनेकदा घडलं.

१७९६ मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्क इथे क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी मनोरुग्णांसाठी 'रिट्रीट' उघडलं. साखळदंडांऐवजी तिथे बाग होती, शेतीचं काम होतं, फिरणं होतं. एकोणिसाव्या शतकात अनेक संस्थांनी ही पद्धत उचलली. पण रुग्णसंख्या वाढत गेली तशी बरीचशी मनोरुग्णालयं नुसत्या कोंडवाड्यांसारखी झाली.

मिचेल यांच्याकडे परत यायला हवं, कारण त्यांच्या उपचारात एक गोष्ट डोळ्यांत भरते. विश्रांती प्रामुख्यानं बायकांसाठी होती. थकलेल्या, खचलेल्या पुरुषांना ते पश्चिमेकडे मोकळ्या हवेत धाडत. ओवेन विस्टर हे पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेले गृहस्थ १८८५ मध्ये त्यांच्याच सल्ल्यानं वायोमिंगला गेले. तिथे घोडदौड आणि शिकार. लेखिका शार्लट पर्किन्स गिलमन १८८७ मध्ये त्यांच्याकडे आल्या, तेव्हा त्यांना मात्र पलंग मिळाला आणि घरी जाताना लेखणी हातात न धरण्याची ताकीद. त्या उपचारानं आपण वेडाच्या काठावर पोचलो होतो असं त्यांनी नंतर लिहिलं आणि १८९२ मध्ये या अनुभवावर कथा प्रसिद्ध केली. म्हणजे हालचालीचा गुण मिचेल यांना ठाऊक होता. तो कुणाला द्यायचा आणि कुणाला नाही, हे मात्र त्या काळच्या समाजाच्या समजुतींवरून ठरत होतं.

नैराश्यात माणसाची हालचाल आणि बोलणं दोन्ही मंदावतात, हे मनोविकारतज्ज्ञांना तेव्हाही माहीत होतं. १९०५ मध्ये फ्रान्झ आणि हॅमिल्टन या दोन अमेरिकी संशोधकांनी व्यायामाचा या मंदपणावर काय परिणाम होतो ते मोजायचा प्रयत्न केला आणि तो अनुकूल असल्याचं नोंदवलं. त्यानंतर जवळजवळ सात दशकं या वाटेनं फारसं कुणी फिरकलं नाही. मनोविश्लेषण आलं, विजेचे झटके आले, पन्नाशीच्या दशकात औषधं आली. या सगळ्यांत रुग्णाच्या पायांना काही काम नव्हतं.

पाय चर्चेत आले ते हृदयामुळे. लंडनच्या जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये दुमजली बसच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा जिना चढ-उतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होत होता. १९६०च्या सुमारास न्यूझीलंडमध्ये आर्थर लिडियर्ड या प्रशिक्षकांनी ऑकलंडच्या साध्यासुध्या, वयस्क लोकांना हळूहळू धावायला लावलं. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगनचे प्रशिक्षक बिल बॉवरमन तिथे गेले, स्वतःपेक्षा वयानं मोठा माणूस आपल्याला मागे टाकतोय हे पाहून ओशाळले आणि परतल्यावर त्यांनी जॉगिंगचा प्रसार सुरू केला. १९६८ मध्ये केनेथ कूपर यांनी 'एरोबिक्स' हा शब्द घरोघरी पोचवला. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये फ्रँक शॉर्टर यांनी मॅरेथॉन जिंकली आणि अमेरिकेत रस्त्यांवर धावणाऱ्यांची लाट उसळली.

या लाटेत काही मनोविकारतज्ज्ञही होते, आणि इथे आपला विषय खऱ्या अर्थानं सुरू होतो. थॅडिअस कोस्ट्रूबाला यांनी आधी स्वतःच्या तब्येतीसाठी धावायला सुरुवात केली, मग ते रुग्णांना बरोबर घेऊन धावू लागले. विस्कॉन्सिन विद्यापीठातले जॉन ग्राइस्ट आणि त्यांचे सहकारी जरा पद्धतशीरपणे पुढे गेले. त्यांनी नैराश्याच्या २८ रुग्णांची विभागणी केली: काहींना धावण्याचा कार्यक्रम, बाकीच्यांना दोन प्रकारची बोलून केली जाणारी मानसोपचार पद्धती. दहा आठवड्यांनी धावणारे बोलणाऱ्यांच्या मागे नव्हते. १९७९ मध्ये हा निबंध आला आणि तो आजही उद्धृत होतो. २८ माणसं म्हणजे फार थोडी, हे खरंच; पण धावण्याला 'उपचार' म्हणून रांगेत उभं करून इतरांशी ताडून पाहायची हिंमत त्यांनी केली.

त्याच वर्षी त्याच विद्यापीठातल्या विल्यम मॉर्गन यांनी नाण्याची दुसरी बाजू मांडली. दुखापत झाली, डॉक्टरांनी थांबायला सांगितलं, घरचे वैतागले, तरी धावत राहणारी माणसं त्यांनी पाहिली होती आणि याला त्यांनी व्यसनच म्हटलं. त्याआधी १९७० मध्ये फ्रेडरिक बेकलँड यांना व्यायाम थांबवल्यावर झोपेवर काय परिणाम होतो ते तपासायचं होतं. जवळजवळ रोज व्यायाम करणारे लोक पैसे देऊ केले तरी महिनाभर थांबायला तयार होईनात. शेवटी आठवड्यातून तीन-चार दिवस व्यायाम करणाऱ्यांवर त्यांना भागवावं लागलं. माझ्या मते या क्षेत्रातला हा सर्वांत बोलका निष्कर्ष आहे, आणि तो प्रयोग सुरू होण्याआधीच मिळाला.

आता एंडॉर्फिनकडे, म्हणजे शरीरात आपोआप तयार होणाऱ्या अफूसदृश द्रव्याकडे, कारण या विषयावर चार वाक्यं बोलणारा प्रत्येक जण त्यातलं एक वाक्य एंडॉर्फिनवर खर्च करतो. १९७३ मध्ये मेंदूत अफूजन्य द्रव्यांना प्रतिसाद देणारी ग्राहकस्थानं सापडली. १९७५ मध्ये ॲबर्डीनच्या ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांनी मेंदू स्वतःच तयार करत असलेली तशी द्रव्यं वेगळी केली. जॉगिंगची लाट शिगेला असतानाच ही बातमी आल्यामुळे दोन्हींची गाठ बसायला वेळ लागला नाही. धावल्यावर रक्तातलं एंडॉर्फिन वाढतं हे मोजताही आलं. अडचण अशी की रक्तातला हा रेणू मेंदूत सहजासहजी शिरत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा त्याला अडवतो. २००८ मध्ये जर्मनीत १० धावपटूंना दोन तास धावायला लावून त्यांच्या मेंदूची चित्रं काढली गेली आणि मेंदूतही ही द्रव्यं स्रवत असल्याचे संकेत मिळाले. तेव्हा वाटलं, मिटला वाद. पण २०१५ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात अफूसदृश द्रव्यांचा मार्ग बंद केला तरी धावल्यानंतरची निवांतपणाची अवस्था येतच राहिली. भांगेतल्या द्रव्यांशी साम्य असणाऱ्या एंडोकॅनाबिनॉइडचा मार्ग बंद केल्यावर मात्र ती गेली. २०२१ मध्ये ६३ माणसांवरच्या प्रयोगातही एंडॉर्फिनचा मार्ग औषधानं रोखला, तरी धावल्यानंतरचा आनंद आणि चिंतेतली घट दोन्ही टिकून राहिली.

या वादापेक्षाही मोठा गोंधळ दुसरा आहे. 'रनर्स हाय' म्हणजे निरोगी, सरावलेल्या माणसाला लांब धाव घेतल्यावर काही वेळ मिळणारी धुंदी. नैराश्य म्हणजे महिनोन् महिने चालणारा आजार. पहिल्याचं रसायन सापडलं म्हणजे दुसऱ्याचं औषध सापडलं, असं गृहीत धरून किती लेख लिहिले गेले असतील! सरावलेले कितीतरी धावपटूही सांगतील की अशी धुंदी त्यांनी क्वचितच अनुभवली आहे.

आजाराच्या कालावधीशी जुळणारं स्पष्टीकरण १९९०च्या दशकात पुढे आलं. १९९५ मध्ये कार्ल कॉटमन यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलं की चाकावर धावणाऱ्या उंदरांच्या मेंदूत चेतापेशींना पोसणारं बीडीएनएफ हे प्रथिन वाढतं. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या साल्क इन्स्टिट्यूटमध्ये हेन्रिएट व्हॅन प्राग आणि फ्रेड गेज यांना चाकावरच्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी ठळकपणे जास्त आढळल्या. हिप्पोकॅम्पस हा स्मृतीशी निगडित भाग. दीर्घकाळच्या नैराश्यात तो काहीसा आक्रसलेला दिसतो. २०११ मध्ये १२० वयस्क माणसांच्या अभ्यासात वर्षभर नेमानं चालणाऱ्यांचा हा भाग सुमारे २ टक्क्यांनी वाढला. मात्र प्रौढ माणसाच्या मेंदूत नव्या चेतापेशी मुळात तयार होतात का, यावरच २०१८ मध्ये काही आठवड्यांच्या अंतरानं दोन परस्परविरोधी निबंध आले. उंदराचं चाक आणि माणसाचा रस्ता यांत अजून बरंच अंतर आहे.

दरम्यान ड्यूक विद्यापीठात जेम्स ब्लुमेन्थल यांनी थेट औषधाशी सामना लावला. १९९९च्या त्यांच्या चाचणीत पन्नाशीपुढचे १५६ रुग्ण होते. काहींना व्यायाम, काहींना सर्ट्रालिन हे नैराश्यावरचं औषध, काहींना दोन्ही. औषधाचा गुण लवकर आला, पण १६ आठवड्यांनी तिन्ही गट सारखेच सुधारले होते. पुढच्या पाठपुराव्यात व्यायामाच्या गटात आजार उलटण्याचं प्रमाण कमी दिसलं. टीकाकारांनी विचारलं: नुसत्या वाट पाहण्यानंही इतकी सुधारणा झाली नसती कशावरून? म्हणून २००७च्या चाचणीत २०२ रुग्ण घेऊन प्लासिबोचा, म्हणजे औषध नसलेल्या खोट्या गोळीचाही गट ठेवला. आजारातून बाहेर पडलेल्यांचं प्रमाण असं आलं: देखरेखीखालचा व्यायाम ४५ टक्के, घरचा व्यायाम ४० टक्के, औषध ४७ टक्के, खोटी गोळी ३१ टक्के. व्यायामाची खोटी गोळी मात्र बनवता येत नाही. आपण धावतोय की नाही हे धावणाऱ्याला कळतंच, आणि या क्षेत्रातल्या प्रत्येक आकड्यावर हे सावट आहे.

२०१२ मध्ये ब्रिटनमधल्या ३६१ रुग्णांच्या चाचणीनं उत्साहावर पाणी ओतलं. नेहमीच्या उपचारांसोबत काहींना हालचाल वाढवण्यासाठी समुपदेशकाची मदत दिली, प्रत्यक्ष भेटून आणि फोनवरून. त्यांची हालचाल वाढली, नैराश्य मात्र इतरांपेक्षा जास्त कमी झालं नाही. 'व्यायामाचा उपयोग नाही' असे मथळे लगेच झळकले. चाचणी नीट वाचली तर तिनं तपासला होता तो सल्ला आणि प्रोत्साहन. कुणी सोबत येऊन रुग्णाला मैदानावर नेत नव्हतं. कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या २०१३च्या आढाव्यात ३९ चाचण्या एकत्र पाहिल्यावर मध्यम परिणाम दिसला, पण काटेकोर चाचण्या तेवढ्या निवडल्या की तो बराच घटला. २०२४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या २१८ अभ्यासांच्या आढाव्यात चालणं-जॉगिंग, योग आणि ताकदीचे व्यायाम पुढे आले. पुराव्याची प्रत कमकुवत असल्याची कबुली त्याही आढाव्यात आहे.

ॲम्स्टरडॅमचा २०२३चा अभ्यास मला अधिक प्रामाणिक वाटतो, कारण त्यात रुग्णांना निवड करता आली. १४१ जणांपैकी बहुतेकांनी आपला उपचार स्वतः निवडला; धावण्याच्या गटात ९६ जण होते, औषधाच्या गटात ४५. १६ आठवड्यांनी दोन्हीकडे साधारण ४४ टक्के रुग्ण बरे झाले होते. शारीरिक प्रकृती धावणाऱ्यांची सुधारली. पण ठरलेला उपचार नेटानं पार पाडणारे औषधाच्या गटात ८२ टक्के, तर धावण्याच्या गटात ५२ टक्केच. दुपटीहून जास्त लोकांना धावायची इच्छा होती आणि जवळजवळ निम्म्यांना ते झेपलं नाही. अंथरुणातून उठणंच जिथे जड जातं, तिथे हे व्हायचंच. यात इच्छाशक्तीचा मुद्दा काढणाऱ्यांनी १९०५ सालचा तो मंदपणाचा निबंध आठवावा.

म्हणूनच अलीकडचा कल गटाकडे आहे. उपचारांच्या मार्गदर्शक सूचना ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत सौम्य नैराश्याच्या उपचारांमध्ये गटानं करायच्या व्यायामाला जागा दिली. त्याआधी २०१८ मध्ये तिथल्या फॅमिली डॉक्टरांच्या रॉयल कॉलेजनं पार्करन या दर शनिवारच्या मोफत पाच किलोमीटरच्या उपक्रमाशी हातमिळवणी केली, म्हणजे दवाखान्यानं रुग्णाला थेट तिकडे पाठवायचं. हा उपक्रम पॉल सिंटन-ह्यूइट यांनी २००४ मध्ये लंडनच्या बुशी पार्कमध्ये १३ धावपटूंसह सुरू केला होता. त्यांची स्वतःची मनःस्थिती तेव्हा ढासळलेली होती, नोकरी गेली होती, आणि दुखापतीमुळे त्यांना धावताही येत नव्हतं. मित्रांची भेट चुकू नये म्हणून ते घड्याळ घेऊन वेळ नोंदवायला उभे राहिले. तिथे चालत गेलं तरी चालतं, आणि नुसतं स्वयंसेवक म्हणून उभं राहिलं तरी. यात गुण धावण्याचा किती आणि ठरलेल्या वेळी ओळखीची माणसं भेटण्याचा किती, हे वेगळं काढणं संशोधकांना फार जड जातं. दवाखान्यांना त्याची तितकीशी फिकीर नाही. ते रुग्ण पाठवत आहेत.