कमिट सिंक : एका रेपोतले कमिट दुसऱ्या रेपोत नेणं

एका रेपोत (कोड आणि त्याची सगळी हिस्ट्री ठेवायची जागा) झालेले कमिट (नोंदवलेले बदल) दुसऱ्या, पूर्ण स्वतंत्र रेपोत नेऊन तिथे पण तेच बदल चढवत राहणं म्हणजे कमिट सिंक. दोन्ही रेपो गिटचेच असतात असं नाही, एक सबव्हर्जनचा किंवा मर्क्युरिअलचा असू शकतो (ही तिन्ही कोडमधले बदल नोंदवून ठेवणारी सॉफ्टवेअर), आणि दोन्हीतला कोड तंतोतंत सारखा असेल असंही नाही. कंपनीच्या आतल्या मोठ्या रेपोतला एखादाच फोल्डर ओपन सोर्स करायचाय, जुन्या सिस्टीमवरून नवीनवर जाताना काही महिने दोन्ही चालू ठेवायच्यात, क्लायंटचा सर्व्हर वेगळा आणि आपला वेगळा, किंवा नुसती आरशासारखी कॉपी हवीये, अशा वेळी हे लागतं.

सगळी गंमत हॅशमध्ये आहे. हॅश म्हणजे कमिटमधल्या माहितीवरूनच काढलेली त्याची ओळख. गिटमध्ये कमिटचा हॅश (जुन्या शा-१ पद्धतीत ४० अक्षरांचा) काढताना फाइल्सचं झाड, आधीच्या कमिटचा हॅश, लेखकाचं आणि कमिट करणाऱ्याचं नाव, दोघांच्या वेळा आणि मेसेज हे सगळं धरलं जातं. त्यामुळे कमिट जसाच्या तसा नेला तर हॅश तोच राहतो आणि दोन्हीकडे काय आहे काय नाही हे गिटला आपोआप कळतं. पण वाटेत एक फोल्डर गाळला, मेसेजमध्ये एक ओळ वाढवली, रिबेस केलं (कमिट दुसऱ्या कमिटवर नव्याने रचले) की हॅश बदलला, आणि त्याच्यानंतरच्या सगळ्या कमिटचे पण बदलले, कारण प्रत्येकात आधीच्याचा हॅश आहे ना. मग गिटच्या लेखी हे दोन वेगळे कमिट, आणि डिजिटल सहीचे कमिट असतील तर जुनी सही पण गेली.

हॅश न बदलणारा प्रकार म्हणजे मिरर. क्लोनला (रेपोची पूर्ण कॉपी आणणं) मिरर ऑप्शन, पुशला (कमिट समोरच्या रेपोत पाठवणं) मिरर ऑप्शन, आणि ठरावीक वेळेने चालणारा एक जॉब, झालं काम. दोन ठिकाणी मात्र लोक हमखास अडकतात. मिरर पुश जे मूळ रेपोत नाही ते समोरून उडवतो, म्हणजे कोणी मिररवर जाऊन ब्रँच (कामाची वेगळी शाखा) बनवली असेल तर ती पुढच्या फेरीत गायब. दुसरं, गिटहबवरून (गिट रेपो ठेवायची साइट) मिरर क्लोन केला की पुल रिक्वेस्टचे (माझा बदल घ्या अशी विनंती) लपवलेले रेफ्स (कमिटकडे बोट दाखवणारी नावं) पण सोबत येतात, आणि ते परत गिटहबवर पुश करायला गेलं की तो नाकारतो, म्हणून फक्त ब्रँच आणि टॅग पाठवलेले बरे. एलएफएसच्या (मोठ्या फाइल्स वेगळ्या ठेवायची गिटची जोडसोय) फाइल्स पण अशा पुशमध्ये भरवशाने जात नाहीत, त्या वेगळ्या आणायच्या आणि वेगळ्या ढकलायच्या.

हॅश बदलतो तिथे खरं काम सुरू होतं, कारण आता "आपण कुठपर्यंत पोचलो" हे कुठेतरी लिहून ठेवावं लागतं. बहुतेक टूल्स ते कमिट मेसेजमध्येच लिहितात, वेगळा डेटाबेस सांभाळण्यापेक्षा हे कधीही चांगलं. गिट-एसव्हीएन (गिट आणि सबव्हर्जन जोडणारं टूल) प्रत्येक कमिटखाली सबव्हर्जनचा पत्ता आणि रिव्हिजन नंबर असलेली ओळ टाकतो, गूगलचं कॉपीबारा मूळ कमिटची खूण समोरच्या कमिटमध्ये लेबल म्हणून ठेवतं, कुबरनेटिस या ओपन सोर्स प्रोजेक्टच्या मुख्य रेपोतल्या स्टेजिंग फोल्डरमधून बॉट जे वेगळे रेपो तयार करतो (क्लायंट-गो त्यातलाच) तिथेही मूळ हॅश मेसेजमध्ये दिसतो. हातानेच चेरी-पिक (एखादा कमिट निवडून उचलून आणणं) करत असाल तर त्याचा एक्स ऑप्शन हेच काम करतो, आणि तो न लावणारे लोक सहा महिन्यांनी डोकं धरून बसतात.

दुसरा रस्ता असा की रूपांतरच इतकं ठरलेलं ठेवायचं की त्याच कमिटमधून दरवेळी तोच नवीन हॅश निघेल, मग काही लक्षात ठेवायचीच गरज नाही. गिट सबट्री स्प्लिट (एकाच फोल्डरची हिस्ट्री वेगळी काढणारी कमांड) असं चालतं, फक्त हिस्ट्री मोठी झाली की फार रेंगाळतं, म्हणून सिम्फनीसारखे प्रोजेक्ट त्यासाठी वेगळं वेगवान टूल वापरतात. अशा प्रोजेक्टचे हे तुटक रेपो फक्त वाचण्यासाठी असतात, बदल पाठवायचा तर मुख्य रेपोत.

खूण नसेल तर पॅच-आयडी कामाला येतो. तो फक्त डिफवरून (कोणत्या ओळी बदलल्या ते) काढतात, लाइन नंबर आणि मोकळ्या जागा सोडून, त्यामुळे हॅश वेगळा असला तरी "हा बदल आधीच आलाय" हे कळतं. कॉन्फ्लिक्ट (दोन बदलांची टक्कर) हाताने सोडवला की तोही बदलतो.

सबव्हर्जनची वेगळी तऱ्हा. तिथे गिटसारखा मर्जचा (दोन ब्रँच एकत्र करणं) आलेख नाही, म्हणून गिट-एसव्हीएनला सरळ रेषेतली हिस्ट्रीच मानवते. डीकमिट केलं (लोकल कमिट सबव्हर्जनला पाठवले) की तुमचे लोकल कमिट नव्याने लिहिले जातात, म्हणून त्याआधी ते दुसऱ्या कोणाला पुश करून देऊ नयेत.

दोन्ही बाजूंनी सिंक करणं, ज्याची मागणी सगळ्यात जास्त असते, ते सगळ्यात वाईट. अ मधला कमिट ब मध्ये गेला, तिथून तो नवीन समजून परत अ मध्ये आला, की चक्र सुरू, आणि ते तोडायला परत त्याच खुणा तपासायच्या. शिवाय दोन्हीकडे एकाच वेळी एकाच फाइलवर कमिट झाले तर कोणाचा धरायचा हे टूल कसं ठरवणार, आणि फोर्स पुशने (समोरचं पुसून आपलं चढवणं) ठरवलं तर कोणाचं तरी काम उडालं. म्हणून एकच रेपो खरा मानायचा, दुसरीकडे आलेला बदल आधी खऱ्यात घ्यायचा, मूळ लेखकाचं नाव ठेवून, आणि तिथून तो परत बाहेर पाठवायचा. बाहेरच्या माणसाला हे जरा विचित्र वाटतं, कारण त्याची पुल रिक्वेस्ट बंद झालेली दिसते आणि कोड मात्र आत आलेला असतो. खरा रेपो कोणता हे बदलता पण येतं : मार्च २०२१ मध्ये पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेच्या स्वतःच्या गिट सर्व्हरवर घातक कमिट घुसवले गेले, तेव्हा त्या टीमने गिटहबवरचे रेपो, जे तोवर फक्त मिरर होते, तेच मुख्य करून टाकले.

आतून बाहेर जाणाऱ्या सिंकमध्ये फाइल्सइतकंच हिस्ट्रीकडे बघावं लागतं. कमिट मेसेजमधले आतले तिकीट नंबर, लोकांचे ईमेल, कधीतरी चुकून टाकलेला आणि पुढच्या कमिटमध्ये काढलेला पासवर्ड, हे सगळं सोबत जातं, आणि एकदा कोणी क्लोन केलं की मागे घेता येत नाही. म्हणून बऱ्याच टीम बाहेर जाताना कमिट एकत्र करून एकच मोठा कमिट पाठवतात, त्याने गळती थांबते पण बाहेरच्यांसाठी ब्लेम (कोणती ओळ कोणी कधी बदलली ते बघणं) आणि बायसेक्ट (बिघाड कोणत्या कमिटने आला ते शोधणं) दोन्ही जवळपास बिनकामाचे होतात.