रविवारच्या वाचनांवरील मनन

कॅथलिक चर्चमध्ये दर रविवारच्या मिस्सामध्ये, म्हणजे सामुदायिक उपासनेत, बायबलमधले जे उतारे वाचले जातात, ते घरी आधी किंवा नंतर पुन्हा वाचून त्यांवर आठवडाभर चिंतन, प्रार्थना आणि आत्मपरीक्षण करण्याची ही साधना आहे. रविवारी एकूण चार पाठ असतात. पहिले वाचन बहुधा जुन्या करारातून घेतलेले असते, त्यानंतर प्रतिसाद स्तोत्र गायले जाते, मग प्रेषितांच्या पत्रांतले दुसरे वाचन होते आणि शेवटी शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्राचा व शिकवणुकीचा भाग, येतो. शुभवर्तमानासाठी सारी मंडळी उभी राहते आणि प्रत्येक जण अंगठ्याने कपाळावर, ओठांवर व छातीवर क्रुसाची लहान खूण करतो. हे वचन बुद्धीत, वाणीत आणि हृदयात राहो, असा तिचा अर्थ सांगितला जातो. मनन म्हणजे ही खूण पुढच्या सहा दिवसांपर्यंत लांबवणे.

बायबल स्वतःच्या आवडीप्रमाणे उघडून वाचणे आणि ही साधना यांत एक मूलभूत फरक आहे. येथे उतारा वाचणारा निवडत नाही, तो नेमून दिलेला असतो. दुःखात असलेल्या माणसाला सांत्वनाचे स्तोत्र हवे असते आणि त्या रविवारी नेमका श्रीमंतांना दटावणारा संदेष्टा आमोस पुढे येतो. या साधनेतली बरीचशी शिस्त, आणि बराचसा वैतागही, या न जुळण्यातून येतो.

पूर्वपीठिका

ठरावीक दिवशी धर्मग्रंथ मोठ्याने वाचण्याची चाल ख्रिस्ती धर्माने यहुदी सभास्थानाकडून घेतली. नासरेथच्या सभास्थानात शब्बाथाच्या दिवशी येशूच्या हाती यशया संदेष्ट्याची गुंडाळी दिली गेली आणि ती वाचून त्याने तिचा अर्थ सांगितला, हा प्रसंग लूकच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात आहे. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर रोममध्ये राहणारा जस्टिन हुतात्मा याने ख्रिस्ती लोकांच्या रविवारच्या सभेचे वर्णन केले आहे. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांची लिखाणे ‘वेळ असेल तितका वेळ’ वाचली जातात, असे तो सांगतो. म्हणजे त्या काळी पाठाची लांबी आधीपासून नेमून दिलेली नव्हती.

चर्चमध्ये कानावर पडलेल्या एका पाठाने आयुष्याला वळण मिळाल्याची दोन उदाहरणे परंपरेत वारंवार सांगितली जातात. इजिप्तमधील अँथनी हा तरुण तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात चर्चमध्ये शिरला तेव्हा ‘जा, तुझे असेल नसेल ते विकून गोरगरिबांना दे’ हे मत्तयचे वचन वाचले जात होते. ते आपल्यालाच उद्देशून आहे असे मानून त्याने आपली जमीन सोडली आणि पुढे तो वाळवंटातील तपस्व्यांचा आदिपुरुष ठरला. त्यानंतर सुमारे साडेनऊशे वर्षांनी असिसीच्या फ्रान्सिसने येशूने शिष्यांना झोळी आणि जोडे न घेता पाठवल्याचा पाठ मिस्सामध्ये ऐकला, धर्मगुरूकडून त्याचा अर्थ समजून घेतला आणि तेथेच पायांतले जोडे काढले. संत ऑगस्टीनची गोष्ट याहून वेगळी आहे. त्याने ३८६ मध्ये मिलानच्या बागेत प्रेषित पौलाच्या पत्रांचे पुस्तक सहज उघडले आणि नजरेस पडलेल्या ओळी वाचल्या. मात्र तसे करण्याचे धैर्य आपल्याला अँथनीची हकिगत आठवून आले, हे त्यानेच लिहून ठेवले आहे.

वाचनचक्र

आजचे वाचनचक्र दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे (१९६२–६५) फळ आहे. त्यापूर्वी रविवारी दोनच वाचने होत, तीही लॅटिनमध्ये. दरवर्षी तेच उतारे फिरून येत आणि जुना करार रविवारी जवळजवळ ऐकूच येत नसे. बायबलचे भांडार श्रद्धावंतांसाठी अधिक सढळपणे खुले करावे, असा आदेश परिषदेने ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात दिला. त्यानुसार १९६९ मध्ये नवा वाचनक्रम प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षीच्या आगमनकाळाच्या (नाताळआधीच्या तयारीच्या काळाच्या) पहिल्या रविवारपासून तो अमलात येऊ लागला.

हे चक्र तीन वर्षांचे आहे. ‘अ’ वर्षी मत्तय, ‘ब’ वर्षी मार्क आणि ‘क’ वर्षी लूक यांचे शुभवर्तमान क्रमाने वाचले जाते. योहानाला स्वतंत्र वर्ष नाही. त्याचे पाठ मुख्यतः उपवासकाळात आणि पुनरुत्थानकाळात येतात. मार्कचे शुभवर्तमान सर्वांत आखूड असल्यामुळे ‘ब’ वर्षात सामान्यकाळाच्या (सणांच्या विशेष काळांव्यतिरिक्त उरलेल्या वर्षाच्या) १७ व्या ते २१ व्या रविवारपर्यंत योहानाचा सहावा अध्याय, म्हणजे जीवनाच्या भाकरीचे प्रवचन, घातला आहे. पाच रविवार सलग भाकरीवरच बोलायचे म्हणजे प्रवचन करणाऱ्या फादरांची कसोटीच असते. कोणते वर्ष चालू आहे हे ओळखण्याची युक्ती सोपी आहे. ज्या सनाला तीनने पूर्ण भाग जातो ते ‘क’ वर्ष. मात्र उपासनेचे वर्ष जानेवारीत सुरू न होता आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सुरू होते. २०२५ हे ‘क’ वर्ष होते, तर २०२६ चे ‘अ’ वर्ष ३० नोव्हेंबर २०२५ रोजीच सुरू झाले. रविवार सोडून इतर दिवसांसाठी दोन वर्षांचे वेगळे चक्र आहे.

मनन करणाऱ्याने एक गोष्ट लक्षात घेतली नाही तर तो हमखास गोंधळतो. सामान्यकाळात पहिले वाचन शुभवर्तमानाशी जुळेल असे निवडलेले असते आणि स्तोत्र हे पहिल्या वाचनाला दिलेले उत्तर असते. दुसरे वाचन मात्र आपल्या वाटेने चाललेले असते. पौलाचे एखादे पत्र आठवडे न् आठवडे तुकड्या-तुकड्यांनी पुढे सरकत राहते. ‘अ’ वर्षात रोमकरांस लिहिलेले पत्र ९ व्या रविवारपासून २४ व्या रविवारपर्यंत पुरते. तिन्ही वाचनांना एकाच सूत्रात ओवण्याचा हट्ट धरल्यास ओढूनताणून अर्थ लावावे लागतात, आणि प्रवचनांतही असा हट्ट पुष्कळदा दिसतो.

मननाची रीत

सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठाच्या नियमावलीत श्रमाच्या वेळांबरोबर पवित्र वाचनाच्याही वेळा नेमून दिल्या. या वाचनाला लॅटिनमध्ये ‘लेक्सिओ दिविना’ असे नाव आहे. बाराव्या शतकात कार्थुसियन संघाचा मठाधिपती दुसरा गिगो याने त्याच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि दर्शन. त्याने दिलेला दृष्टान्त जेवणाचा आहे. वाचन घास तोंडात ठेवते, मनन तो चावते, प्रार्थना त्याची चव मिळवते आणि दर्शन म्हणजे ती गोडीच. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २०१० मध्ये यापुढे कृतीचा उल्लेख केला आणि वाचलेले आचरणात उतरेपर्यंत ही प्रक्रिया पुरी होत नाही असे म्हटले.

मराठी वाचकाला येथे वेदान्तातली श्रवण, मनन आणि निदिध्यासन ही त्रयी आठवणे स्वाभाविक आहे, आणि क्रमाचे साम्य खरेच लक्षणीय आहे. पण गिगोच्या तिसऱ्या पायरीवर वाचणारा देवाशी बोलू लागतो, मागतो, तक्रारही करतो. हा संवाद त्या त्रयीत नाही. पारायणाशीही तुलना पुरती जुळत नाही, कारण पारायणात ग्रंथ पुरा होण्याला महत्त्व असते आणि येथे एका ओवीएवढ्या (बायबलमधल्या क्रमांकित वचनाला ओवी म्हणतात) मजकुरावर आठवडा घालवला तरी चालते.

दुसरी मोठी परंपरा लोयोलाच्या संत इग्नेशियसची आहे. पोप तिसरे पॉल यांनी १५४८ मध्ये मान्यता दिलेल्या त्याच्या आध्यात्मिक साधनांत प्रसंगाचे स्थळ डोळ्यांसमोर उभे करायला सांगितले आहे: वाट किती लांब आहे, खोली केवढी आहे, कोण काय बोलते आहे. साधक त्या प्रसंगातला एक माणूस होतो. इग्नेशियसची आणखी एक सूचना साप्ताहिक मननाला विशेष लागू पडते. पुढच्या बैठकीत नवा उतारा न घेता आधीच्या उताऱ्यात जिथे मन हलले, किंवा जिथे ते कोरडे पडले, तिथेच परत जावे, असे तो सांगतो. कोरड्या जागेलाही त्याच्या लेखी तितकेच महत्त्व आहे.

एक रविवार

‘अ’ वर्षातील सामान्यकाळाचा १९ वा रविवार २०२६ मध्ये ९ ऑगस्टला येतो. पहिले वाचन राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायातले आहे. होरेब पर्वतावरच्या गुहेत संदेष्टा एलिया थांबला आहे. आधी डोंगर फोडणारा सोसाट्याचा वारा येतो, मग भूकंप, मग अग्नी. देव त्यांपैकी कशातच नसतो. शेवटी जे ऐकू येते त्याला मूळ हिब्रूत जे शब्द आहेत, त्यांचा अक्षरशः अर्थ ‘बारीक शांततेचा आवाज’ असा काहीसा होतो. आवाज आणि शांतता एकाच पदात बसवणाऱ्या या शब्दांपाशी भाषांतरकार अडखळतात आणि ‘मंद वाणी’सारख्या सोयीच्या शब्दावर थांबतात. शुभवर्तमान मत्तयच्या १४ व्या अध्यायातले आहे. शिष्य मचव्यात आहेत, वारा समोरून आहे, रात्रीचा चौथा प्रहर आहे आणि येशू पाण्यावरून चालत येतो. पेत्र मचव्यातून उतरून पाण्यावर पाऊल टाकतो, ‘वारा पाहून’ भितो आणि बुडू लागतो. त्याची हाक ग्रीकमध्ये तीनच शब्दांची आहे: प्रभो, मला वाचव. मार्क आणि योहान यांनीही येशू पाण्यावरून चालल्याचे सांगितले आहे, पण पेत्राची ही हकिगत फक्त मत्तयमध्ये आहे.

दोन्ही पाठ शेजारी ठेवले की त्यांना जोडणारा सांधा वाऱ्यात दिसतो. पर्वतावर एलिया वारा जाऊ देतो आणि वाट पाहतो. सरोवरावर पेत्राची नजर वाऱ्यावर खिळते. मनन करणारा येथे स्वतःला विचारतो की या आठवड्यात आपण कोणत्या वाऱ्याकडे पाहत आहोत. वसईच्या पाचूबंदरातल्या ख्रिस्ती कोळ्याला मात्र हा प्रश्न रूपकातून विचारावा लागत नाही. पश्चिम किनाऱ्यावरची मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै अशी असते, त्यामुळे हा पाठ त्याच्या कानावर पडतो तेव्हा होड्या नुकत्याच दर्यावर जाऊ लागलेल्या असतात आणि पावसाळी वारा पुरता पडलेला नसतो.

त्या दिवशीचे दुसरे वाचन रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायाच्या आरंभीचे आहे. आपल्या रक्ताच्या इस्राएली बांधवांसाठी हृदयात सततची वेदना आहे, असे पौल लिहितो. वाऱ्याशी या वेदनेचा काही संबंध नाही. पण घरातले कोणी श्रद्धेपासून दूर गेले असेल त्याचे मन बहुधा याच पाच ओव्यांवर थांबते, आणि मग त्याने तेथेच थांबावे.

गाळलेल्या ओव्या

एलियाचा हा उतारा वाचनक्रमाची एक मर्यादाही दाखवतो. त्यात नवव्या ओवीचा पूर्वार्ध घेतला आहे आणि मग एकदम अकराव्या ओवीवर उडी आहे. मधल्या भागात देव विचारतो, ‘एलिया, तू येथे काय करतोस?’ आणि एलिया कडवटपणे आपले गाऱ्हाणे मांडतो: मी एकटाच उरलो आहे, आणि माझाही जीव घ्यायला ते टपले आहेत. पुढे शांततेनंतर तोच प्रश्न पुन्हा येतो, पण पाठ त्याआधीच संपतो. मरण मागत झुडपाखाली पडलेला एलिया हा या हकिगतीचा आधीचा भाग, तोही ‘ब’ वर्षात, त्याच १९ व्या रविवारी वाचला जातो. पहिली वाचने शुभवर्तमानाला साजेशी कापलेली असल्याने जुन्या कराराची कथा अशी तुकड्यांत आणि कधी उलट्या क्रमाने कानी पडते. फेरोची आज्ञा मोडून मुलगे जिवंत ठेवणाऱ्या शिफ्रा आणि पुआ या सुइणी रविवारेतर दिवसांच्या वाचनक्रमातून वगळल्या गेल्या आहेत, आणि रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायातली फीबी ही सेविकाही; यावर अभ्यासकांनी रास्त टीका केली आहे. म्हणून केवळ छापील पाठावर न थांबता बायबल उघडून मागचे-पुढचे वाचावे, हा या साधनेतला व्यवहारी नियम आहे.

उलट बाजूचा धोका म्हणजे प्रत्येक ओवी ‘आज मला काय सांगते’ एवढ्याच मापाने मोजणे. पोपच्या बायबल आयोगाने १९९३ च्या दस्तऐवजात ऐतिहासिक संदर्भ डावलून केलेल्या अक्षरवादी वाचनाविरुद्ध स्पष्ट इशारा दिला आहे. आधी ओवी कोणी, कोणासाठी लिहिली हे पाहायचे आणि मग स्वतःकडे वळायचे, हा क्रम टीपांसह छापलेली आवृत्ती हाताशी असली तर सहज पाळता येतो.

मराठी भूमीत

लोकांच्या भाषेत बायबलकथा पोहोचवण्याचा येथला मोठा प्रयत्न या वाचनचक्रापेक्षा साडेतीनशे वर्षांनी जुना आहे. १५७९ मध्ये गोव्यात आलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी सुमारे ११,००० ओव्यांचे क्रिस्तपुराण मराठीत रचले. ते १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले आणि चर्चमध्ये मोठ्याने वाचले जाई. मिस्साची भाषा मात्र लॅटिनच राहिली, आणि जुनी पिढी मिस्सा चालू असताना हातातल्या रोझरीचे मणी ओढत असे.

आज वसई धर्मप्रांतात (स्थापना १९९८) मिस्सा प्रामुख्याने मराठीत होतो. वाचनपीठावर जाणाऱ्यांत शिक्षक, परिचारिका, शेतकरी अशी माणसे असतात आणि पाठ नीट वाचता यावा म्हणून घरी केलेली तयारी हेच कित्येकांच्या मननाचे पहिले निमित्त ठरते. काही ठिकाणी वाडीतली कुटुंबे आठवड्यात एका घरी जमून येत्या रविवारचे शुभवर्तमान वाचतात. दक्षिण आफ्रिकेतील लुम्को संस्थेने तयार केलेली सात पायऱ्यांची पद्धत आशियातील लहान ख्रिस्ती समूहांत रुजली आहे. तिच्यात पाठ वाचल्यावर प्रत्येक जण आपल्या मनाला लागलेला शब्द किंवा लहानसे वाक्य तेवढे मोठ्याने उच्चारतो, मग काही काळ सारे गप्प बसतात. चर्चेला त्यानंतरच जागा असते, आणि पांडित्य दाखवणाऱ्याला या क्रमात फारसा वाव मिळत नाही.

वसईत या बैठकांची भाषा दुपेडी असते. पाठ प्रमाण मराठीत वाचला जातो आणि त्यावरचे बोलणे सामवेदी, वाडवळी किंवा कोळी बोलीत सुरू होते. ‘अल्पविश्वासी माणसा, तू संशय का धरलास?’ हे येशूचे पेत्राला उद्देशून काढलेले उद्गार छापील मराठीत कठोर वाटतात. आजी तेच वाक्य आपल्या बोलीत नातवाला सांगते तेव्हा त्यात पाण्यातून वर ओढणारा हातही ऐकू येतो.